पाळी लांबते, वजन वाढते : उपाशी राहू नका, ताट बदला

तालुक्याच्या गावीही सोनोग्राफीची सोय झाल्यापासून ‘पीसीओडी’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नाही म्हणून मुलीची तपासणी होते, रिपोर्टवर हा शब्द असतो आणि घरात कुजबुज सुरू होते. ‘पोटात गाठी झाल्या’, ‘ऑपरेशन करावे लागेल’, ‘स्थळांना काय सांगायचे?’, ‘हिला पुढे मूल होईल ना?’ अशा एक ना अनेक शंका! त्यातच कोणीतरी सांगते, ‘वजन उतरवा म्हणावे, सगळे ठीक होईल.’ मुलगी दुसऱ्या दिवसापासून रात्रीचे जेवण सोडते. आठवडाभरात चक्कर येऊ लागते, चिडचिड वाढते आणि पंधरा दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

या आजारात वजनाला महत्त्व आहे, हे खरे. पण ते वाढते कशामुळे, किती कमी केले म्हणजे पुरे आणि आपल्या घरच्याच जेवणातून ते कसे साधायचे, हे नीट समजून घेतले जात नाही. म्हणून आज त्याविषयी थोडे विस्ताराने पाहू.

हा आजार म्हणजे काय?

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजांडकोश असतात. त्यांत दर महिन्याला काही बीजे वाढू लागतात. त्यांपैकी एक पूर्ण वाढून बाहेर पडते आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. या आजारात बीजांची वाढ अर्ध्यावरच थांबते. अशी अर्धवट वाढलेली बीजे पाण्याने भरलेल्या बारीक पिशव्यांसारखी सोनोग्राफीत दिसतात. त्यांचा आकार मोहरीपासून वाटाण्याएवढा असतो. लोक ज्यांना ‘गाठी’ म्हणून घाबरतात, त्या याच. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत आणि त्या कापून काढायच्याही नसतात.

शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली अशा सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा विकार वैद्यकाला ठाऊक आहे. त्याचे आजचे नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातील दर शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींना तो असतो. तेव्हा आपल्याच मुलीच्या वाट्याला काही जगावेगळे आले, असे समजण्याचे कारण नाही.

केवळ सोनोग्राफीवरून मात्र हे निदान होत नाही. पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरकांचा जोर असणे (हनुवटीवर व ओठांवर राठ केस, न हटणाऱ्या पुटकुळ्या) आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. शिवाय थायरॉईड, प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणे नाहीत याची खात्री करावी लागते. वयात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे पाळी थोडी मागेपुढे होणे स्वाभाविक असते. पाळी सुरू होऊन आठ वर्षे होईपर्यंत तर सोनोग्राफीच्या चित्रावर निदानासाठी विसंबू नये, असेच तज्ज्ञांचे मत आहे. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवर नुसत्या सोनोग्राफीवरून हा शिक्का मारू नये.

वजनाचे रहाटगाडगे

आपण भात, पोळी, साखर खाल्ली की रक्तात साखर वाढते. ती पेशींमध्ये पोचवण्याचे काम इन्शुलिन हे संप्रेरक करते. पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांमध्ये शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. मग तेवढ्याच साखरेसाठी शरीर जास्त इन्शुलिन तयार करते. पीसीओएस आणि वाढलेले इन्शुलिन यांचे हे नाते १९८० साली प्रथम लक्षात आले आणि या आजाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

रक्तातले हे जादा इन्शुलिन दोन गोष्टी करते. एक म्हणजे ते बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. त्यामुळे बीजाची वाढ अडते, पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात. दुसरे म्हणजे ते चरबी साठवण्यास मदत करते, विशेषतः पोटावर. पोटावरची चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला आणखीच कमी दाद देते. म्हणजे इन्शुलिन वाढते म्हणून चरबी वाढते आणि चरबी वाढते म्हणून इन्शुलिन वाढते, असे हे रहाटगाडगे फिरत राहते. ‘मैत्रीण माझ्याइतकेच खाते, तिचे वजन वाढत नाही, माझेच का?’ असे एखादी मुलगी विचारते तेव्हा ती सबब सांगत नसते. तिचे म्हणणे बहुधा खरे असते.

याची एक खूण घरीही ओळखता येते. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. आया ती मळ समजून दगडाने घासतात आणि मुलीची मान सोलवटून निघते. तो मळ नव्हे. शरीरात इन्शुलिन वाढल्याची ती खूण आहे आणि ती घासून जात नाही.

किती वजन उतरले म्हणजे पुरे?

सर्वांत दिलासा देणारी गोष्ट इथेच आहे. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते, बीज बाहेर पडू लागते, रक्तातील साखर आणि चरबी यांवर चांगला परिणाम होतो. समजा, एका मुलीची उंची ५ फूट १ इंच आणि वजन ७२ किलो आहे. आपल्या लोकांसाठी जे निकष मानले जातात त्यांनुसार त्या उंचीला वजन साधारण ५५ किलोच्या आत असावे आणि ६० च्या पुढे ते स्थूलपणात मोडते. तिला ‘१७ किलो कमी कर’ म्हटले तर ती तिथेच हात टेकेल. पण ७२ चे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. महिन्याला एक ते दीड किलो या बेताने तीन महिन्यांत हे जमण्यासारखे आहे. तेवढ्यावरही शरीर प्रतिसाद देऊ लागते. पुढचे पुढे पाहता येईल.

वजनाबरोबर कंबरेचे मापही घ्यावे. स्त्रियांत कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढे गेली तर सावध व्हावे. कधी काटा हलत नाही पण कंबर इंचभर उतरते. तोही फायदाच आहे.

सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो. त्यांनी वजन कमी करायचे नसते, फक्त ते वाढू द्यायचे नसते.

उपाशी राहून काय होते?

उपाशी राहिल्याने सुरुवातीला काटा झटकन खाली येतो, पण त्यात पाण्याचा भाग बराच असतो. पुढे चरबीबरोबर स्नायूही झडतात. रक्तातील साखर वापरणारे मोठे यंत्र म्हणजे आपले स्नायूच. तेच कमी केले तर तोटा आपलाच. शिवाय दिवसभर पोट मारलेली मुलगी संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडते आणि सगळी कसर भरून निघते. जाहिरातीतील पावडरी, ‘महिन्यात दहा किलो’वाल्या गोळ्या यांच्या नादी तर मुळीच लागू नये.

भात बंद, गहू बंद, दूध बंद असेही सल्ले मिळतात. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली पीसीओएसविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, असे त्यांत म्हटले आहे. जो आहार समतोल आहे, आपल्याला परवडतो आणि वर्षानुवर्षे पाळता येतो, तोच चांगला. याचा अर्थ आपल्या स्वयंपाकघरातच उपाय आहे.

ताट कसे बदलावे?

ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर चमचाभर वाढण्याची आपली रीत आहे. ती चमचाभर नको, वाटीभर हवी. ताटाचा अर्धा भाग भाजी, पालेभाजी आणि कोशिंबीर यांनी भरावा. पाव भाग डाळ, उसळ, पिठले, अंडी किंवा मासे यांचा असावा. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात घ्यावा. आपल्याकडे बहुधा याच्या उलट असते. भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण आणि तोंडी लावण्यापुरती भाजी! रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ विकत आणावी लागते, त्यामुळे असे होते हे समजण्यासारखे आहे. तरीही मटकी, हरभरा, चवळी, हुलगा यांची उसळ रोज एकदा व्हावी. खिचडी करताना तांदूळ आणि मूगडाळ निम्मे-निम्मे घ्यावेत.

जेवताना आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ-आमटी आणि शेवटी भात असा क्रम ठेवला तर रक्तातील साखर सावकाश चढते. पोटही लवकर भरल्यासारखे वाटते.

ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तम, कारण तिच्यात चोथा असतो. पण ‘भाकरी आहे, कितीही चालेल’ असे नाही. हातावर थापलेल्या तीन मोठ्या भाकरींनी वजन उतरणार नाही. एक मध्यम भाकरी आणि तिच्याबरोबर भरपूर भाजी-उसळ, हे खरे.

साखरेचा हिशेब एकदा करून पाहा. दिवसाला चार कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला आठ चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम. महिन्याला १ किलो २०० ग्रॅम साखर एकट्या चहातून पोटात जाते! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असल्यास चांगले. चहा दोन कपांवर आणावा आणि साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जावे. जीभ सवय करून घेते. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्याने या हिशेबात फरक पडत नाही. फळांचा रस काढू नये, फळ चावून खावे. पेरू, पपई, संत्रे, जांभूळ हंगामाप्रमाणे घ्यावीत.

तेलाचाही हिशेब मांडावा. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज ३३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३०० कॅलरी जातात. ते तीन किलोवर आणावे. फोडणी बंद करायची नाही, फक्त हात आखडायचा. तेल डब्यातून थेट कढईत न ओतता चमच्याने मोजून घालावे. खारी, टोस्ट, बिस्किटे, शेव आणि फरसाण हे पदार्थ घरात आणलेच नाहीत तर खाल्ले जाणार नाहीत.

एका दिवसाचा नमुना

सकाळी : कमी साखरेचा एक कप चहा. न्याहारीला मुगाची दोन धिरडी, किंवा वाटीभर पोहे अथवा उपमा आणि सोबत मोड आलेले मूग किंवा उकडलेले अंडे.

दुपारी : एक मध्यम भाकरी किंवा दोन लहान पोळ्या, वाटीभर उसळ, पालेभाजी, वाटीभर कोशिंबीर, साखर न घातलेले ताक. भात हवाच असेल तर अर्धी वाटी घ्यावा आणि पोळी एक कमी करावी.

संध्याकाळी : मूठभर फुटाणे किंवा एक फळ.

रात्री : शक्यतो आठच्या आत एक भाकरी, पिठले किंवा घट्ट आमटी, भाजी. मांसाहार करणाऱ्यांनी मासे किंवा चिकन कमी तेलात करावे.

हा केवळ नमुना आहे. शेतात दिवसभर कष्ट करणारी आणि दुकानात बसून काम करणारी यांची भूक सारखी नसते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

उपवास आणि उरलेले अन्न

आपल्याकडे चतुर्थी, एकादशी, सोमवार, श्रावण, नवरात्र असे उपवास चालूच असतात. ते सोडा, असे मी सांगणार नाही. पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स खाल्ले तर नेहमीच्या जेवणापेक्षा जास्तच खाणे होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र आणि चोथाही नाही. त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, काकडीची कोशिंबीर, दूध, ताक आणि फळे यांवर उपवास करावा. प्रमाण मात्र बेताचे ठेवावे.

दुसरी गोष्ट विवाहित स्त्रियांची. घरातल्या सर्वांना वाढून झाल्यावर ती शेवटी जेवायला बसते. तोवर उसळ संपलेली असते, भाजी तळाला गेलेली असते. उरतो भात आणि दोन पोळ्या. ‘टाकून कशाला द्यायचे?’ म्हणून ती ते संपवते. तिच्या ताटात पिष्टच का येते, याचे उत्तर तिच्या खादाडपणात शोधू नये. ते पंगतीच्या क्रमात आहे. तिने सर्वांबरोबर बसावे किंवा निदान तिची वाटीभर उसळ आणि भाजी आधी बाजूला काढून ठेवावी. सासूबाईंनी आणि पतीने हे पाहिले तर औषधाइतकाच उपयोग होईल.

चालणे

आहाराला हालचालीची जोड हवीच. आठवड्यातून पाच दिवस तीस-तीस मिनिटे, थोडा दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालावे. वजन उतरवायचे असेल तर पुढे ही वेळ हळूहळू वाढवावी. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा किंवा वजन उचलण्याचे व्यायाम करावेत, म्हणजे स्नायू टिकतात. ‘घरकामात व्यायाम होतोच’ हे अर्धसत्य आहे, कारण त्यात सलग वेगाने हालचाल क्वचितच होते. पहाटे एकटीने बाहेर पडणे सोयीचे नसेल तर दोघी-तिघींनी मिळून शाळेच्या मैदानावर जावे किंवा गच्चीवर फेऱ्या माराव्यात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबली तर थांबू नये. विवाहित स्त्रीने आधी गर्भधारणेची चाचणी करावी. पाळी वारंवार लांबत राहिली तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, आणि वर्षानुवर्षे तसेच राहिल्यास त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ठरावीक काळाने पाळी येणे आवश्यक असते, मग त्यासाठी गोळ्या घ्याव्या लागल्या तरी चालेल. फार रक्तस्राव होणे, काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढणे किंवा आवाज घोगरा होणे यांसाठी ताबडतोब तपासणी करावी.

पीसीओएस असलेल्यांना मधुमेहाचा धोका अधिक असतो, तोही कमी वयात. म्हणून रक्तदाब पाहावा आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. मेटफॉर्मिन किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आहार सुधारला म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. शेजारणीला लागू पडल्या म्हणून सुरूही करू नयेत. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आता निघाली आहेत. ती प्रत्येकीसाठी नाहीत आणि मूल हवे असताना तर चालत नाहीत. तो निर्णय तज्ज्ञांचा.

मुलाबाबत एक सांगणे आहे. पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. पुष्कळ जणींना आपोआप किंवा साध्या औषधांनी दिवस जातात. मूल हवे असेल त्यांनी फोलिक ॲसिडच्या गोळीबद्दल आधीच डॉक्टरांना विचारावे. उलट, वजन उतरल्यावर बीज पुन्हा बाहेर पडू लागते. ज्यांना इतक्यात मूल नको त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ‘लग्न झाले की पाळी आपोआप सुधारते’ या समजाला मात्र कोणताही आधार नाही. त्या भरवशावर उपचार लांबवू नयेत आणि लग्नही उरकू नये.

घरच्यांसाठी दोन शब्द

या आजारात अनेक मुली मनाने खचतात. चेहऱ्यावरचे केस, वाढते वजन आणि त्यावर पाहुण्यांचे शेरे! उदासपणा, झोप न लागणे, कोणात न मिसळणे असे दिसले तर तेही डॉक्टरांना सांगावे. तो या आजाराचाच एक भाग असू शकतो. ‘किती खातेस!’ असे चारचौघांत बोलल्याने कोणाचे वजन उतरलेले नाही. अशी मुलगी मग लपून खाऊ लागते.

तिच्यासाठी वेगळे पथ्याचे जेवण रांधू नये. बाकीचे सगळे भजी खात आहेत आणि ती एकटी काकडी चावते आहे, हे किती दिवस चालणार? वाटीभर कोशिंबीर, रोजची उसळ, मोजून तेल आणि कमी साखर हे बदल घरातील सर्वांनाच मानवणारे आहेत. घरात मधुमेही आजोबा किंवा रक्तदाब असलेले वडील असतील तर त्यांचेही त्यात भले आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीची तारीख नोंदवा. आठवड्यातून एकदाच, सकाळी, वजन करा. महिन्यातून एकदा कंबर मोजा. काटा रोज पाहून हिरमुसू नका. तीन महिने या रीतीने चालवून त्या नोंदी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा. नुसत्या सोनोग्राफीच्या रिपोर्टपेक्षा त्यांना या नोंदींचा अधिक उपयोग होईल.